मागवलेल्या मालावर जकात

गुगल, मेटा, नेटफ्लिक्स आमच्या रस्त्यांवरून फुकट गाड्या हाकतात, तेव्हा रस्त्याच्या खर्चातला वाटा त्यांनी उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे. ‘न्याय्य वाटा’ हे तिचे गोंडस नाव. जुलै २०२३मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ओटीटी संपर्कसेवांवर, म्हणजे व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांवर, सल्लापत्र काढले तेव्हा ती जोरात पुढे आली आणि अधूनमधून डोके वर काढतेच आहे. वाद मात्र दर वेळी एकाच खड्ड्यात जातो. एक बाजू म्हणते, परदेशी धनदांडगे आपल्या शेतात चरताहेत. दुसरी बाजू २०१५च्या इंटरनेट समतेच्या (नेट न्यूट्रॅलिटीच्या) लढाईच्या आठवणी काढून ‘खुले इंटरनेट धोक्यात’ अशी आरोळी ठोकते. पहिलीला हिशेब दाखवायचा नाही, दुसरीला तो करायची गरजच वाटत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. हे शुल्क लावू नये. गुगलची दया येते म्हणून नव्हे, किंवा इंटरनेट सोवळ्यात ठेवायचे आहे म्हणूनही नव्हे. ग्राहकाने ज्याचे पैसे आधीच मोजले आहेत त्याच मालावर दारात उभे राहून दुसऱ्यांदा वसुली करण्याचा हा अधिकार आहे, आणि तो दिल्यावर काय होते हे आपण दोनदा पाहिले आहे. एकदा जकात नाक्यावर, एकदा फोनच्या रिंगवर.

कंपन्यांचे जे खरे आहे ते आधी मान्य करू. २० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रमवर चालणाऱ्या फोर-जीचा कागदावरचा वेग सेकंदाला १५० मेगाबिट. प्रत्यक्षात जवळचे, लांबचे, भिंतीआडचे असे सगळे ग्राहक धरले तर टॉवरच्या एका बाजूला सरासरी ३० ते ४० मेगाबिट हाती लागतात. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला पाचेक मेगाबिट लागतात. म्हणजे एका बाजूला सात-आठ जण एकाच वेळी सामना बघायला बसले की ती बाजू भरली. त्यापुढे जो येईल तो सगळ्यांच्याच पडद्यावर गोल चक्र फिरवतो. यावर उपाय तीनच: आणखी स्पेक्ट्रम, आणखी टॉवर, टॉवरपर्यंत फायबर. तिन्ही महाग. शिवाय २४ ऑक्टोबर २०१९च्या एजीआर, म्हणजे परवाना शुल्क ज्यावर मोजतात त्या समायोजित महसुलाबाबतच्या, निकालाने थकबाकीचा जो डोंगर उभा केला, त्याखाली एक कंपनी तर जवळपास गाडली गेली. वाहतूक फुगते आहे, फुगवणारे मोजके आहेत आणि खर्च आमच्या माथी आहे, ही तक्रार खोटी नाही.

समतेच्या बाजूनेही काही गोष्टी गिळायला हव्यात. अमेरिकेत डिसेंबर २०१७मध्ये समतेचे नियम रद्द झाले तेव्हा आता इंटरनेट केबल टीव्हीसारखे पॅकेजमध्ये विकले जाईल अशी भाकिते झाली होती. तसे झाले नाही. भारतात डेटा स्वस्त झाला तो नियमामुळे नव्हे, सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यानंतरच्या दरयुद्धामुळे. काहीशे रुपयांचा जीबी दहा रुपयांच्या आसपास आला. आणि ‘सगळे बिट समान’ ही घोषणा कानाला गोड असली तरी बड्या कंपन्यांचे व्हिडिओ साठवणारे सर्व्हर इंटरनेट पुरवठादाराच्या खोलीतच बसवलेले असतात. सांगलीतल्या एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळाची चित्रफीत त्या मानाने लांबून येते. जुलै २०१८मध्ये सरकारने मान्य केलेली समतेची चौकटही या वितरण जाळ्यांना, म्हणजे सीडीएनना, लागू नाही. समता आहे ती एवढीच, की रस्त्यावर आलेल्या गाडीला मालक बघून अडवायचे नाही.

पण एवढे सगळे मान्य केल्यावरही ‘वाहतूक कोण पाठवतो?’ हा प्रश्नच उलटा उरतो. नेटफ्लिक्स कुणाच्या फोनवर न मागता काही टाकत नाही. फोनवर बोट टेकते, मागणी जाते, मग व्हिडिओ येतो. ती मागणी करण्याचा हक्क ग्राहकाने रिचार्ज करून विकत घेतलेला असतो: रोज दीड किंवा दोन जीबी, संपले की वेग ६४ केबीपीएस. दोन जीबी लोकांनी ई-मेल वाचायला घ्यावेत अशी विकणाऱ्याचीही अपेक्षा नसते. त्याच पॅकच्या जाहिरातीत ओटीटीचे सदस्यत्व मोफत म्हणून मिरवलेले असते. थाळी अमर्यादित म्हणून विकायची आणि गिऱ्हाईक पोटभर जेवले की तांदळाच्या व्यापाऱ्याकडे भांड्यांच्या झिजेचे पैसे मागायचे, असा हा प्रकार आहे.

फुकट रस्त्याची गोष्टही जरा जवळून बघू. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्री केबल लागतात. पण एखादी मालिका गाजली म्हणून ती लाख वेळा त्या केबलमधून येत नाही. नेटफ्लिक्स मोठ्या पुरवठादारांना स्वतःच्या खर्चाने सर्व्हरचे डबे देते, गुगलचीही तशीच सोय आहे. पुरवठादार रॅकमध्ये जागा, वीज आणि जोडणी देतो. उद्या काय पाहिले जाईल याचा अंदाज बांधून हे डबे वर्दळ नसलेल्या वेळी भरून ठेवले जातात. ज्यांना डबा परवडत नाही किंवा मिळत नाही, ते मुंबईत निक्सी किंवा डी-सिक्ससारख्या एक्स्चेंजवर, म्हणजे अनेक जाळी एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणी, पुरवठादाराला गाठतात. म्हणजे माल गोदामापर्यंत आणून टाकण्याचा खर्च पाठवणाऱ्याने केलेलाच असतो. उरतो गोदामापासून घरापर्यंतचा टप्पा, आणि त्याचे बिल ग्राहकाच्या नावावर फाटते.

त्यातही जाळ्याचा खर्च जीबीवर ठरत नाही, गर्दीच्या तासावर ठरतो. पहाटे तीनला शंभर जीबी उतरवले तर कंपनीचा जादा खर्च जवळजवळ शून्य, कारण ती क्षमता तेव्हा रिकामीच पडून असते. रात्री साडेनऊला बघितलेला एक जीबी मात्र खरोखर नवा टॉवर मागतो. मग वर्षभरातल्या एकूण वाहतुकीच्या टक्केवारीवर शुल्क लावून नेमके काय साधणार? गर्दी कमी होणार नाही, ज्या टॉवरवर ती होते तिथे पैसा जाईलच याची हमी नाही. वसुली मात्र होईल.

जकात आठवून पाहा. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. ट्रक आमचे रस्ते झिजवतात, शहराचा लाभ घेतात, मग त्यांनी द्यायला नको का, हे त्या वेळचे समर्थन. पालिकेला पैसे नको होते असेही नाही. मुंबईचे हे उत्पन्न वर्षाला सात हजार कोटींच्या घरात होते आणि त्यातून शहर चालत होते. पण ट्रक मुंबईत हवा खायला येत नसे. मुंबईकराने मागवलेले तेल, कापड, औषध घेऊन येत असे. जकात व्यापारी भरायचा ती मुंबईकराच्याच खिशातून, वर रांगेतले डिझेल, वाया गेलेला दिवस आणि नाक्यावरची चिरीमिरी वेगळी. ३० जून २०१७च्या रात्री मुंबईची जकात संपली, तेव्हा पालिकेची गरज संपली नव्हती. तिला भरपाई दुसऱ्या वाटेने मिळाली. पैशाची गरज खरी असणे आणि नाका हा ती भागवण्याचा योग्य मार्ग असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘न्याय्य वाट्या’च्या वादात पहिली सिद्ध केली की दुसरी आपोआप झाली असे धरून चालतात. नाका एवढ्याचसाठी उभा राहतो, की आत जायला दुसरी वाट नसते.

दूरसंचारात याला टर्मिनेशनची मक्तेदारी म्हणतात. एखादा ग्राहक ज्या कंपनीचा आहे, तिच्या दारातूनच त्याच्यापर्यंत पोचता येते, मग बाजारात तीन कंपन्या असोत की तेरा. फोनकॉलच्या बाबतीत हे आपण वर्षानुवर्षे भोगले. एका जाळ्यावरून दुसऱ्यावर फोन लावला की पहिल्या कंपनीने दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायचे, याला आययूसी म्हणत. १ ऑक्टोबर २०१७पासून ट्रायने तो १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला. पैसे कमी झाले, पण खेळ संपला नाही. फोन येण्यात कमाई आणि जाण्यात तोटा, म्हणून २०१९मध्ये कंपन्या रिंगच छाटू लागल्या. वीस-पंचवीस सेकंदांत रिंग थांबली की तो मिस्ड कॉल होतो, समोरचा उलटा फोन लावतो आणि पैशाचा प्रवाह उलटा फिरतो! आधी एकीने हे केले, मग बाकीच्यांनी. शेवटी फोन किती वेळ वाजावा, हेसुद्धा नियामकाला ठरवावे लागले: मोबाइलला ३० सेकंद, लँडलाइनला ६०. ज्या देशात पदर खोचून चुलीपाशी बसलेली बाई फोनपर्यंत येईस्तोवर अर्धा मिनिट सहज जातो, तिथे कंपन्या सेकंदांवर लढत होत्या. १ जानेवारी २०२१ला मोबाइलमधला हा आकार शून्य झाला आणि जगबुडी झाली नाही. तेव्हा आययूसी अन्यायकारक आहे असे जी कंपनी, म्हणजे जिओ, तावातावाने सांगत होती, तीच आज जाळ्याच्या खर्चात वाटा मागणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळते, ही यातली गंमत.

कुणी म्हणेल, फोनमध्ये दोन्ही बाजूंना कंपन्याच होत्या, ये-जा साधारण सारखी होती; व्हिडिओ एकाच दिशेने वाहतो, म्हणून ही तुलना लागू नाही. मुद्दा बरोबर आहे, पण तो उलट बाजूला जातो. फोन लावणाऱ्याला बोलायचे असते, म्हणून त्याने पैसे द्यावेत यात निदान काही तर्क होता. व्हिडिओत पुढाकार पाहणाऱ्याचा असतो. जिथे पाठवणाऱ्याचा पुढाकार होता तिथलाही आकार आपण शून्य केला, आणि जिथे तो नाही तिथे नवा लावायचा?

ज्यांना हे पुस्तकी वाटते त्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावे. तिथे २०१६पासून मोठ्या पुरवठादारांमध्ये ‘पाठवणाऱ्याच्या जाळ्याने पैसे द्यावे’ असा नियम वाहतुकीच्या मापावर लागू झाला. फेसबुकचा सर्व्हर केटी या कंपनीकडे होता आणि इतर कंपन्यांचे ग्राहकही त्यातूनच माल घेत. नव्या नियमाने केटीवर इतरांना पैसे देण्याची पाळी आली. जवळ सर्व्हर ठेवून सगळ्यांचा खर्च वाचवणाराच दंडाला पात्र ठरला. मग पैशांवरून घासाघीस सुरू झाली, फेसबुकने काही पुरवठादारांच्या ग्राहकांची वाहतूक देशाबाहेरून वळवली, त्यांचा वेग पडला. नियामकाने २०१८मध्ये फेसबुकला दंड केला, तो न्यायालयात टिकला नाही. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड यांचे भांडण तीन वर्षे चालून सप्टेंबर २०२३मध्ये तडजोडीने मिटले. नेटफ्लिक्सला वकील परवडतात. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने आधी कोरियात चित्राची प्रत १०८०पीवरून ७२०पीवर उतरवली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये गाशा गुंडाळला. इतर बहुतेक देशांच्या दहापट जाळेशुल्क पडते, असे तिने कारण दिले. कोरियाचे जाळे आजही उत्तम आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण ते या नियमाच्या आधीही उत्तमच होते. युरोपातल्या कंपन्यांनी हीच मागणी रेटली तेव्हा तिथल्या नियामकांच्या मंडळाने, बेरेकने, ऑक्टोबर २०२२मध्ये प्राथमिक पाहणी करून फुकटेपणाचा पुरावा सापडत नसल्याचे सांगितले.

यात लोकमताचे स्थान काय? २०१५च्या एप्रिलमध्ये ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले आणि समतेची बाजू आजही तो आकडा छातीवर बिल्ल्यासारखा लावते. पण त्यातले बहुतेक ई-मेल तयार उत्तरे चिकटवलेले होते. डिसेंबर २०१५मध्ये फेसबुकने हेच तंत्र उलट वापरले. ‘फ्री बेसिक्स’ या मोजकी संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या योजनेच्या समर्थनाची तयार पत्रे वापरकर्त्यांकडून ट्रायला पाठवली गेली, आणि सल्लापत्रातल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यांत नव्हते. ट्रायने फेसबुकला सुनावले, ते योग्यच होते: सल्लामसलत म्हणजे घडवून आणलेली जनमत चाचणी नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ला सामग्री बघून डेटाचे वेगळे दर लावण्यावर बंदी आली, मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. ही बंदी डोकी मोजून आली नव्हती. अमेरिकेत २०१७मध्ये समतेचे नियम रद्द करण्यावर अभिप्राय मागवून डोकी मोजायला गेलेल्यांची काय फजिती झाली, ते न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या २०२१च्या अहवालात आहे. सव्वादोन कोटींच्या आसपास अभिप्रायांपैकी जवळपास एक कोटी ऐंशी लाख बनावट! सुमारे ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशातून चाललेल्या मोहिमेचे, आणि सुमारे ७७ लाख समतेच्या बाजूने, एकट्या १९ वर्षांच्या महाविद्यालयीन मुलाने संगणकावर पाडलेले. दोन्ही बाजूंनी लाज वाटून घ्यावी अशी ही गोष्ट आहे. तिथला नियम पुढे २०२४मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयात पडला; त्यात या कोट्यवधी अभिप्रायांचा वाटा नव्हता.

नियम असणे आणि तो चालणे यांतले अंतर आपल्याला रेल्वेने शिकवायला हवे होते. १८९०च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ४२व्या कलमात कुणा एकाला अवाजवी झुकते माप देण्यास मनाई होती. तरीही बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदरातून येणाऱ्या मालाचे भाडे देशातल्या देशात जाणाऱ्या मालापेक्षा सवलतीचे असे, आणि देशी उद्योजक त्याविरुद्ध कंठशोष करत राहिले. कलम होते, पण त्याची दाद लावणारे कुणी नव्हते. ॲक्वर्थ समितीने १९२१मध्ये दर-न्यायाधिकरण सुचवले. १९२६मध्ये मिळाली ती फक्त सल्लागार समिती. खरे न्यायाधिकरण उभे राहायला १९४९ उजाडले. आपल्याकडे जाळ्यातल्या वागणुकीवर नजर ठेवणारी बहुपक्षीय यंत्रणा ट्रायने २०१७मध्ये सुचवली, २०२०मध्ये पुन्हा तपशिलासकट सुचवली. ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. समतेच्या बाजूने याबद्दल दहा ई-मेलसुद्धा गेले असतील का?

कारण भेदभाव करायला आता कुणाला काही ‘ब्लॉक’ करावे लागत नाही. जोडणीचे तोंड अरुंद ठेवले की काम होते. वाहतूक वाढत गेली तरी पोर्टची क्षमता वाढवायची नाही. रात्री तो पोर्ट तुंबतो, पॅकेट गळतात, व्हिडिओची प्रत खाली येते आणि समोरची कंपनी पैसे द्यायला तयार होते. कॉमकास्ट आणि नेटफ्लिक्स यांच्यात २०१३-१४मध्ये नेमके असेच घडले. फेब्रुवारी २०१४मध्ये पैशांचा करार झाला आणि वेग परत आला. कागदोपत्री कुणीही काहीही मंद केले नव्हते.

घरबसल्या याचा अदमास घेता येतो. वायफाय टाळून संगणक केबलने राउटरला जोडा. सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला, दोन्ही वेळी आधी नेहमीची स्पीड टेस्ट घ्या, मग फास्ट डॉट कॉमची. दुसरी चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून माल मागवते, म्हणून तिचा रस्ता वेगळा असतो. दोन्ही आकडे रात्री सारखेच पडले तर तुमच्या गल्लीतली लाइन भरली आहे. पहिला टिकला आणि दुसराच पडला, तर शंका जोडणीच्या तोंडावर. मग व्हीपीएन, म्हणजे वाहतूक दुसऱ्या वाटेने वळवणारी सोय, लावून तिसऱ्यांदा बघा. व्हीपीएनमुळे वेग सहसा घटतो, तो उलट वाढला तर मूळ रस्त्यावरच कुठेतरी अडले आहे हे जवळपास नक्की. एका रात्रीच्या आकड्यावर भांडू नका, आठवडाभराचे लिहून ठेवा. पहिल्या चाचणीवरही आंधळा विश्वास नको, कारण तिचा सर्व्हर बहुधा पुरवठादाराच्याच जाळ्यात असतो आणि तिथला आकडा नेहमी गोरागोमटा दिसतो.

राहिला पैशाचा प्रश्न. कंपन्यांना दर वाढवता येतात आणि जुलै २०२४मध्ये तिघींनी ते वाढवलेही. सप्टेंबर २०२४च्या तिमाहीत ग्राहकामागे महिन्याचे उत्पन्न एअरटेलचे २३३ रुपये आणि जिओचे १९५ होते. ज्याला परवडते आणि ज्याला परवडत नाही असे ग्राहक यातून वेगळे पडतात, हे खरे. पण त्यासाठी सरकारकडे हत्यार आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलावर ८ टक्के परवाना शुल्क आहे, त्यातले ५ टक्के गावोगावी जाळे पोचवण्याच्या निधीसाठी. त्याचे आजचे नाव डिजिटल भारत निधी. ते कमी करा किंवा जिथे टॉवर परवडत नाही तिथे ते पैसे ओता, असा आग्रह कंपन्यांनी धरला तर त्यांच्या बाजूने बोलायला हरकत नाही. आणि परदेशी बड्यांनी इथे कमावून इथे पुरेसे दिले नाही, हाच राग असेल तर तो कराचा विषय आहे. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के समकरण शुल्क २०१६पासून होते. सरकारने ते १ एप्रिल २०२५पासून स्वतःच काढून टाकले. तिजोरीत जाणारा कर सोडून द्यायचा आणि त्याच कंपन्यांकडून दोन-तीन खासगी कंपन्यांना वसुली करू द्यायची, याला कोणत्या हिशेबाने न्याय्य म्हणायचे?

करायचेच तर छोटे आणि मोजता येण्याजोगे काही करावे. ट्रायच्या २००६च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांत गर्दीच्या तासाला जोडणीचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा अशी अट होती. तीच अट बड्या सामग्री कंपन्यांशी असलेल्या खासगी जोडण्यांना आणि एक्स्चेंजवरच्या पोर्टना लावा, आणि रात्री नऊ ते अकराचा आकडा प्रत्येक जोडणीमागे दर महिन्याला जाहीर करायला सांगा. नेटफ्लिक्सची जोडणी ९५ टक्के भरलेली आणि त्याच कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओ सेवेची ४० टक्के, असे दोन आकडे शेजारी-शेजारी छापून आले की बोलणी तिथून सुरू करता येतील.